नांदूर मध्यमेश्वरचे कुटुंब-रविवार : दुसऱ्या हिवाळ्याची नोंद

मंडळी, गेल्या वर्षी ठरवलं होतं की नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात, चापडगावला एकट्यानं जाऊन पक्ष्यांच्या याद्या भरणं पुरे, आता अख्खी घरं न्यायची, आजी-आजोबांपासून बालवाडीतल्या पोरांपर्यंत. यंदा नोव्हेंबर ते फेब्रुवारी मिळून पाच रविवार झाले. यादीतल्या जाती मोजणं मी या फेऱ्यांपुरतं बंद केलंय. वहीत एकच आकडा लिहितो : एखादं मूल एका पक्ष्यापाशी किती मिनिटं टिकलं.

जे आले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. नाशिकहून साधारण 40 किलोमीटरवर गोदावरी आणि कादवा मिळतात, तिथं इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. त्याच्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, मधे बेटं उठली, पाणवनस्पती माजल्या. थापट्या, तलवार बदक, चक्रांग या बदकांना हेच हवं असतं. मान खाली घातली की अन्न चोचीच्या टप्प्यात आलं पाहिजे. 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून या पाणथळीचं नाव जाहीर झालं. वनखात्याचं माहिती केंद्र आहे, मनोरे आहेत, आणि गावातलेच गाइड सोबत येतात. त्या पोरांची नजर माझ्या दुर्बिणीच्या आधी पोहोचते, हे दर वेळी अनुभवतो.

पहिला रविवार पक्षी सप्ताहातला. 5 नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर सालिम अलींचा, मधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. उत्साहाच्या भरात 26 जणांना हो म्हणालो, आणि तिथंच चुकलं. मनोऱ्यावर गर्दी, ऊन समोरून आल्यानं सगळी बदकं काळ्या ठिपक्यांसारखी, आणि स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी एकनळी दुर्बीण, लावलेला माझ्या उंचीला. लहानांना कडेवर उचलून दाखवायचं तर हात लागून स्कोप हलायचा आणि पक्षी निसटायचा. वहीतला आकडा : एक मिनिटही नाही. एक मुलगी म्हणाली, ‘काका, मला फक्त पाणी दिसलं.’ ते वाक्य घरी येईपर्यंत डोक्यात होतं.

दुसऱ्या खेपेला बाराच माणसं घेतली. स्कोप ट्रायपॉडचे पाय आखडून पोरांच्या छातीला येईल असा लावला; मोठ्यांनी वाकायचं. ऊन पाठीशी येईल अशी जागा धरली. आणि पाण्याकडे जाण्याआधी केंद्राच्या आवारात अर्धा तास बादलीचा खेळ घेतला. हा खेळ सविस्तर सांगतो, कारण हिवाळ्यातलं सगळ्यात मोठं यश हेच. बादलीत तळाला ओली वाळू, वाळूत पुरलेले शेंगदाणे, वर गढूळ पाणी आणि त्यावर मूठभर तीळ. एकाच्या हातात चहाची गाळणी, दुसऱ्याच्या हातात लांब चिमटा. अट अशी की हात पाण्याला लावायचा नाही. गाळणीवाल्याला तीळ मिळतात, दाणा एकही नाही, चिमटेवाल्याचं उलट. मग काठावर गेलो आणि समोर थापट्यांचा घोळका गोल गोल फिरत, पसरट चोच पाण्यात घालून पाणी गाळत होता. एक पोरगं ओरडलंच, ‘गाळणी!’ चिखलात लांब चोच खुपसणारा मालगुजा दिसला तेव्हा सांगावं लागलं नाही. त्या दिवशीचा आकडा चार मिनिटं.

डिसेंबरची फेरी थंडीनं आखडली. निफाडचा पारा काय असतो ते तुम्ही जाणताच. वाटेत द्राक्षबागांत शेकोट्यांचा धूर होता. गारठलेल्या बोटांनी पोरांना दुर्बिणीचं चाक फिरवता येत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. आता दुर्बीण आदल्या दिवशी घरीच प्रत्येकाच्या डोळ्यांना जुळवून ठेवायला सांगतो. 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण सात-आठ वर्षांच्या मुलाला जड होते, लहान भिंगाची 8×32 बरी. सहाच्या आतल्यांना तर पुठ्ठ्याची नळीच द्या. नजर एका जागी धरायला शिकणं आधी, मोठं दिसणं नंतर.

जानेवारीत पाणपक्ष्यांच्या गणनेचा हंगाम, म्हणून मोजणी शिकवली. वर्तमानपत्रावर हरभरे सांडले. एका बाबांचा अंदाज 60, त्यांच्या मुलीचा 100, मोजले तर 112. मग दहाचा गठ्ठा डोळ्यात धरायचा आणि तसे गठ्ठे किती बसतात ते बघायचं. दुसऱ्या डावाला दोघंही बरेच जवळ आले.

त्याच दिवशी निफाडकडच्या एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या. त्यांना स्कोपमधून वारकरी नावाचा पाणपक्षी दाखवला : काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा. पुस्तकात चांदवाही म्हणतात. नाव मी सांगायच्या आधीच आजी म्हणाल्या, ‘हे तर वारकरी! आमच्या कादवेवर थंडीत उतरायचे.’ निवृत्तिनाथांच्या यात्रेचे दिवस, रस्त्यानं दिंड्या त्र्यंबकला निघालेल्या. ‘हेही निघाले बघ,’ म्हणून त्यांनी नातवाला पुढं ओढलं. पोरगा स्कोपला डोळा लावून बसला तो उठेना. एक वारकरी काठावर चढला तेव्हा म्हणाला, ‘आजी, याच्या बोटांना पाकळ्या आहेत.’ खरंच, वारकऱ्याच्या बोटांना झालरीसारखे पडदे असतात. बदकासारखं सलग पातं नसतं. मग त्यानं तो पंख मारत पाण्यावरून धावत सुटलेलाही पाहिला. अकरा मिनिटं. इतकी वर्षं वारकरी बघतोय, पण ‘आणखी एक वारकरी’ म्हणून मीच किती वेळा पुढं सरकलोय.

फेब्रुवारीची फेरी साधीच. बदकं पांगायला लागलेली, पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) यंदा आमच्या एकाही रविवारी दिसले नाहीत. तरी आधी आलेली तीन घरं आपणहून परत आली.

पुढच्या हिवाळ्यासाठी दोन गोष्टी हव्यात. वापरात नसलेली 8×32 कुणाकडे असेल तर हंगामापुरती द्या, जपून वापरू. आणि दोन बुटकी स्टुलं, स्कोपमागे बसायला : एक पोरासाठी, एक आजीसाठी.