एम८७ झाली, आता कोमा

फाल्गुन अमावस्येच्या आसपासच्या रात्री यंदा सर्पिल (भुजा असलेल्या) दीर्घिकांना सुट्टी दिली आणि दीर्घिका-समूहांमधल्या थोराड दीर्घिकांच्या मागे लागलो. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं वावर, आठ इंची डॉब (डॉब्सोनियन दुर्बीण), २५ मिमी आयपीस. रात्रीची लाइन आली की धुऱ्यापलीकडे मोटारींवरचे बल्ब पेटतात, त्यामुळे जे काय बघायचं ते त्याआधी.

उत्तरा आणि व्हिंडेमिएट्रिक्स या ताऱ्यांच्या साधारण मधोमध एम८४-एम८६ या दीर्घिकांची जोडी, तिथून थोडं आग्नेयेला कन्या समूहातली थोराड दीर्घिका एम८७. आपल्याकडे ती मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येते आणि नेमका तिथंच डॉब वळवणं जिवावर येतं. तासभर आधी गाठा.

दिसतो गोल, मध्याशी उजळ, धूसर ठिपका. ना भुजा, ना धुळीचा पट्टा. बरेच जण यादीत टिक करून पुढं जातात. माझ्या मते खरी गंमत या निराकारपणातच आहे. अशी दीर्घिका शेजारच्यांना गिळत वाढते; गिळलेल्यांच्या तबकड्या मोडल्या, ताऱ्यांच्या कक्षा वाट्टेल त्या दिशांना फिरल्या, मग भुजा कुठून राहणार?

गिळणं घडतं कसं, त्याचं गणित खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरांनी १९४३ मध्ये मांडलेल्या गतिकीय घर्षणात आहे. जड दीर्घिका समूहातून जाताना तिच्या मागे कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) आणि तारे गोळा होतात, ते तिला मागे ओढतात. वेग घटत घटत ती केंद्राकडे उतरते, आणि केंद्रात बसलेली फुगत जाते. याच समूहातली एम४९ दिसायला एम८७ पेक्षा किंचित तेजस्वी, पण कन्या समूहाच्या तप्त वायूच्या मध्याशी एम८७ आहे. आपल्या आकाशगंगेत गोलाकार तारकागुच्छ (ताऱ्यांचे दाट गोळे) दीडशेच्या घरात, एम८७ भोवती सुमारे १२,०००! त्यातले बरेच गिळलेल्यांचे.

२००७ च्या एका गणिती प्रारूपानुसार अशा दीर्घिकांतले बहुतेक तारे ११ अब्ज वर्षांपूर्वीच जन्मले, पण वेगवेगळ्या छोट्या दीर्घिकांत. एकाच दीर्घिकेत निम्मं वस्तुमान जमलं ते गेल्या ५ अब्ज वर्षांत. म्हणजे तारे म्हातारे, घर नवं. नवे तारे फारसे नाहीत, कारण आसपासचा वायू थंड होऊ लागला की मधल्या कृष्णविवराजवळून सुटणारा कणांचा झोत त्याला पुन्हा तापवतो. एम८७ चा झोत खगोलशास्त्रज्ञ कर्टिसने १९१८ मध्येच टिपला होता. आठ इंचीत त्याची आशा धरू नका.

कोमा हा दुसरा दीर्घिका-समूह सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर. तिथं एक नाही, दोन थोरल्या: एनजीसी ४८८९ आणि ४८७४. दोन समूह एकमेकांत मिसळत असल्याची ही खूण. ४८८९ तिरक्या नजरेनं (थेट न बघता किंचित बाजूला बघून) मिळाली, ४८७४ बद्दल खात्री नाही. दहा इंचीवाल्यांनी कितीच्या वर्धनाला दोन्ही वेगळ्या पाहिल्या ते कळवा, चैत्रातल्या अमावस्येला पुन्हा दुर्बीण लावतो.