ऑगस्टीनच्या वाटेवर, मोर्तारा ते पाविया

व्हिया फ्रान्सिजेना म्हणजे कँटरबरीहून रोमला जाणारी जुनी यात्रेची वाट, अख्खी चालायची आपली ताकद नाही म्हणून आम्ही मोर्तारा ते पाविया एवढाच तुकडा घेतला, कारण पावियात संत ऑगस्टीनच्या अस्थी आहेत. मी वसईचा, सोबतचा दोस्त साताऱ्याचा, पंढरीची वारी केलेला गडी. इटली म्हणजे डोंगर नि द्राक्षं असं डोक्यात होतं, आणि बघतो तर दोन्हीकडे नुसती पाणी भरलेली भातखाचरं, बगळे आणि डास तर असे की कोकणातले परवडले. ना टाळ ना दिंडी, तासन्‌तास चिटपाखरू नाही.

मग हा विचारायला लागला, "तुमचा हा ऑगस्टीन होता तरी कोण रे?"

धर्मशिक्षणाच्या वर्गात तो आम्हाला दाढीवाला, भारदस्त बिशप म्हणून भेटलेला. पण खरी मजा आधीची आहे. 354 साली आजच्या अल्जीरियात जन्मला, पोरांबरोबर शेजारच्या बागेतले पेअर चोरले, ते पण भूक नसताना, आणि डुकरांना घातले. पुढे बाईसोबत संसार, मानी नावाच्या इराणी धर्मगुरूच्या पंथाचा नाद, आणि 383 मध्ये आई मोनिकाला चक्क थाप मारून रात्रीतून जहाजाने रोमला पळाला! आई सोडतेय होय, समुद्र ओलांडून मागोमाग मिलानला हजर. तिथे 387 च्या ईस्टरला बिशप अँब्रोजने त्याला बाप्तिस्मा दिला. हे सगळं त्याने स्वतःच 'कन्फेशन्स' या आत्मकथेत लिहून ठेवलंय, मला तर त्याच्या त्रैक्यावरच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) ग्रंथापेक्षा हेच जवळचं वाटतं.

"मग तो पावियात वारला?"

"नाही रे, 430 मध्ये आफ्रिकेतच, हिप्पोला, बाहेर व्हँडल टोळ्यांचा वेढा पडलेला. अस्थी पुढे सार्डिनियाला गेल्या आणि आठव्या शतकात इटलीतल्या लोंबार्ड लोकांचा राजा लिउटप्रांडने तिथून इकडे आणल्या."

"म्हणजे मेल्यावरही वारी चालूच."

पावियातल्या सान पिएत्रो इन चेल दोरो चर्चमध्ये पोचलो तेव्हा पायांची पार वाट लागलेली. वेदीवर चौदाव्या शतकातली संगमरवरी आर्का, म्हणजे समाधी, आहे, मधे ऑगस्टीन निजलेला, भोवतीची मंडळी त्याच्या अंगाखालची चादर धरून उभी, आणि कपड्याच्या चुण्या बघून दगड आहे हे विसरायला होतं. दोस्त मात्र विचारतोय, "आईची समाधी कुठाय?"

मोनिका त्याच 387 साली घरी परतताना रोमच्या बंदरात, ओस्तियाला वारली. देह कुठेही पुरा म्हणाली, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. तिच्या अस्थी आता रोमला सांत'अगोस्तिनो चर्चमध्ये आहेत.

"मग रोमपर्यंत जायलाच पाहिजे की."

मी म्हटलं, आधी बूट बदलू, मग बघू.