गोराईच्या चिखलातलं वर्ष

बोरिवलीहून गोराईला जायची फेरी पकडताना ओहोटी असली की मी मुद्दाम एक बोट सोडते, जेट्टीच्या कडेला उघडा पडलेला चिखल बघायला. नीट बघितलं तर त्यात बारीक भोकं दिसतात, कुठे कुठे दोन-दोन जोडीने, खाली शिंपली बसलेली असते, भरती आली की तिथूनच पाणी आत ओढून, गाळून बाहेर टाकते.

गंगेसारखा त्रिभुज प्रदेश आपल्याकडे नाही, आपल्या नद्या आखूड आणि भरती-ओहोटी जोरदार. तुळशी तलावाकडून येणारी दहिसर नदी जेमतेम १२ किलोमीटरची, ती मनोरीच्या खाडीला मिळते, एरवी तिच्यात सांडपाणीच जास्त (म्हणून शिंपल्या कुठल्या खाडीतल्या ते विचारूनच घ्या, त्या सगळं गाळून अंगात साठवतात). पण जुलैत चार दिवस सलग पाऊस लागला की खाडीचं पाणीच बदलतं. समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, खाडीच्या आतल्या टोकाला ते एकदम उतरतं. चिंबोरी निदान सरकू तरी शकते, दगडाला चिकटलेलं कालव (तीही एक शिंपलीच) कुठे जाणार? ते शिंपा गच्च मिटून बसतं, मिटलं की खाणं बंद, अंगातलंच खर्चून दिवस काढायचे. आणि गोडं पाणी फार दिवस राहिलं तर मरतात बिचारी. ऑगस्टमध्ये चिखलावर पांढऱ्या उघड्या जोड्या दिसतात, बिजागरी अजून शाबूत, मला दरवर्षी वाईट वाटतं.

एकदा श्रावण संपल्या संपल्या हौसेने तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या खायच्या शिंपल्या, घेतल्या, विळीवर उघडल्या तर आत नुसतं पाणी आणि नखाएवढं मांस. नेहमीच्या मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "आता भरलेल्या नाय भेटायच्या बाय, पाणी गोडं हाय, थंडी पडूं दे."

आणि खरंच, पाऊस गेला, पाण्याला खारटपणा आला की सगळं परत सुरू होतं. कालवाचं पिल्लू आधी पाण्यात तरंगत असतं, डोळ्यांना दिसणारही नाही एवढं, मग एकदा जागा धरली की जन्मभर तिथेच. दिवाळीनंतर जेट्टीच्या खांबांवर हात फिरवला की खरखरीत लागतं, ती ही नवी पिढी. म्हणून नोव्हेंबरात बाजारात बोटाच्या पेराएवढ्या तिसऱ्यांचे वाटे लागलेले बघितले की जीव तुटतो. त्या घेऊ नका हो, त्यांना उन्हाळ्यापर्यंत तरी वाढू द्या.

माझ्याकडे एक जुना मोठा शिंपला आहे, त्यावर रेषा आहेत, वाढ मंदावली की तिथे रेषा दाटतात, मी बोटाने चाचपून बघते याने किती पावसाळे काढले असतील.

मागच्या फेब्रुवारीत मावशींनी मला न विचारताच दोन तिसऱ्या उचलून एकमेकींवर ठोकल्या, आवाज भरीव आला. "घे," म्हणाल्या, "एकशिपी कर आज." एका शिंपेसकट शिजवलेल्या तिसऱ्यांचं कालवण ते.