हयातीचा दाखला

आमच्या मंडळाचं ज्येष्ठांचं संमेलन नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी असतं, आणि त्याला कारण पेन्शन. पूर्वी आम्ही ते १ ऑक्टोबरला घ्यायचो. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली तो दिवस ज्येष्ठांचा म्हणून ठरवून दिला, तेव्हा तारीख आयतीच मिळाली होती. पण मुलुंडला १ ऑक्टोबर म्हणजे परतीचा पाऊस नाहीतर नवरात्र, दोहोंपैकी एक हमखास. दोन वर्षं गळक्या मांडवात सत्कार झाले, शाली भिजल्या, मग कुणीतरी म्हणालं, नाहीतरी हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात सगळे घराबाहेर पडतातच, त्याच दिवशी टेबल टाकू की. तेव्हापासून सकाळी आठला दाखले आणि दहाला संमेलन असा शिरस्ता पडला. जागाही बदलली. मुलुंड पूर्वेच्या एका शाळेचं पहिल्या मजल्यावरचं सभागृह मिळतं. लिफ्ट नाही, पण त्याबद्दल पुढे.

एकोणीस वर्षं मी या मंडळाची चिटणीस होते. गेल्या वर्षी वही नव्या मंडळींच्या हाती दिली. आता पदावर नाही, म्हणून थोडं मोकळेपणाने लिहिते.

पूर्वी दाखला म्हणजे कागद. बँकेत जायचं, साहेबांसमोर सही करायची, आपण जिवंत आहोत हे त्यांनी लिहून द्यायचं. २०१४ साली जीवन प्रमाण आलं आणि सहीच्या जागी बोट आलं. पोस्टमन छोटं यंत्र घेऊन बसतो, त्यावर अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की वर्षभराची निश्चिंती. पहिल्याच वर्षी आमच्या सिस्टरांनी अंगठा ठेवला आणि लाल दिवा. डावा ठेवला, लाल. तर्जनी, मधलं बोट, करंगळी करत दहाही बोटं झाली. महापालिकेच्या प्रसूतिगृहात तीस वर्षं हात धुऊन धुऊन त्यांच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्या होत्या. पोस्टमन बिचारा ओल्या फडक्याने एकेक बोट पुसून पुन्हा ठेवत होता. सिस्टर म्हणाल्या, "अरे, या बोटांनी मी निम्म्या मुलुंडला जगात आणलंय, आणि हे म्हणतंय मीच नाही!" मागे रांगेत हशा. पोस्टमन मात्र हसला नाही. तोही त्याच प्रसूतिगृहातला निघाला.

अलीकडे मोबाइलसमोर चेहरा धरूनही दाखला होतो. त्यात डोळे मिचकवायला सांगतात. सिस्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा परक्या पुरुषाकडे बघून डोळे मिचकावले, असं त्या स्वतःच स्टेजवरून सांगतात.

हजेरीबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. या सभासदांच्या मुलाबाळांना आम्ही दर वर्षी निमंत्रण देतो. ग्रुपवर टाकलं की पाच मिनिटांत पन्नास अंगठे येतात. कार्यक्रमाच्या दिवशी गाडी फाटकाशी थांबते, आई-बाबांना उतरवते आणि वळून निघून जाते, ती जेवणाची पानं मांडली की बरोबर परत येते. ज्यांचे अंगठे यंत्राला पटत नाहीत ते जिने चढून येतात आणि ज्यांचे अंगठे ग्रुपवर उठतात ते येत नाहीत, हे मी एकदा अहवालात लिहिलं होतं. अध्यक्षांनी खोडलं. इथे कुणी खोडणार नाही.

संमेलनाचा पहिला तास मी उगाच लांबवत नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवाल, मग रेल्वेच्या सवलतीचा ठराव. पुरुषांना चाळीस आणि बायकांना पन्नास टक्के सूट होती ती मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती पुन्हा द्यावी, असा. मजकूर मला तोंडपाठ आहे. त्यानंतर प्रमुख पाहुणे. एका वर्षीचे पाहुणे आहार या विषयावर पाऊण तास बोलले, समोर नव्वदीची माणसं बसलेली असताना. कोण ते सांगत नाही. बोलून झाल्यावर त्यांनी दोनदा जिलबी घेतली एवढं सांगते.

मी ज्यासाठी जाते तो भाग यानंतर येतो. पत्रिकेत त्याला नुसतं 'दोन शब्द' म्हटलेलं असतं. ऐंशी पूर्ण केलेल्या प्रत्येकाने उठायचं, एकच आठवण सांगायची, तीन मिनिटांत. उपदेश करायचा नाही. तीन मिनिटं झाली की घंटा. नियम कडक वाटतील, पण ते या लोकांनीच केलेत, एकमेकांचा अनुभव असल्यामुळे.

तारमास्तर सगळ्यांत कमी वेळ घ्यायचे. फोर्टच्या तार कचेरीत नोकरी झाली, शब्दाला पैसे पडतात हे हाडीमाशी भिनलेलं. "तब्येत ठीक. मुलगा परदेशी. सून चांगली. जेवायला काय?" बसले खाली. एकाच वर्षी ते पूर्ण तीन मिनिटं बोलले. १४ जुलै २०१३ ही तारेची शेवटची रात्र. त्या दिवशी मास्तर मुलुंडहून गाडीने फोर्टात गेले, शेवटची तार करायला आलेल्या तरुण पोरांच्या रांगेत उभे राहिले आणि स्वतःच्याच पत्त्यावर तार केली. मजकूर होता, 'सुखरूप पोचलो'. त्या नोव्हेंबरात ती प्लास्टिकमध्ये घालून आणली होती. सगळ्या सभागृहात हातोहात फिरली, आणि परत येईपर्यंत मास्तरांची नजर तिच्यावरून हलली नाही.

आबा कापड गिरणीच्या साचेखात्यातले. लालबागची खोली मुलांनी विकली तेव्हा इकडे आले. दर वर्षी तीच दोन वाक्यं. "१८ जानेवारी १९८२ ला आम्ही बाहेर आलो. संप मागे घेतला असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही." खाली बसायचे. पुढची अठरा वर्षं त्यांनी इथल्याच एका सोसायटीत रात्रपाळीला खुर्चीत काढली. त्यावर कधी अक्षर बोलले नाहीत. नवीन माणसं दुसऱ्या वाक्याला हसायची, जुनी हसायची नाहीत, आणि एकदोन वर्षांत नवीन माणसंही जुनी व्हायची.

सिस्टरांची आठवण म्हणजे प्रयोगच असतो. प्रसूतिगृहाच्या आधी त्या देवीची लस टोचत घरोघर फिरल्या होत्या. उठतात आणि हुकूम सोडतात, "दंडावर देवीची खूण आहे त्यांनी बाह्या वर करा." सदरे, झंपर, सफारी, सगळ्यांच्या बाह्या वर. पन्नाशीच्या खालचे तेवढे गप्प. देशातला शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये सापडला, म्हणून तुमच्या दंडावर काही नाही, असं त्या नातवंडांना सांगतात, आणि मग रांगेतून फिरत एकेक खूण चष्म्यातून तपासतात. "ही माझी नाही. फार तिरकी आहे." एका वर्षी आमच्या अध्यक्षांच्या दंडावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही बहुतेक माझी. रडला होतास." अध्यक्ष एकाहत्तर वर्षांचे.

आता माझ्या चुकीचं. आमच्या सगळ्यांत वयस्कर आजी गिरगावात वाढल्या. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, दारूगोळा, कापूस आणि सोनं घेऊन आलेलं जहाज. चार वाजून गेल्यावर पहिला आणि अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. आजी तेव्हा चौदा वर्षांच्या. दर वर्षी हीच आठवण आणि दर वर्षी थोडी वेगळी. कधी त्या गॅलरीत उभ्या असत, कधी नळावर कळशी भरत असत, कधी धाकट्या भावाला झोपवत असत. एकदा तर काचेचा तुकडा परातीतल्या कणकेत येऊन पडला. मी चिटणीस, वहीत सगळं टिपून ठेवणारी. एका वर्षी न राहवून माइकवरच म्हणाले, "आजी, मागल्या वर्षी तुम्ही नळावर होतात."

सभागृह गप्प. आजींनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. म्हणाल्या, "नळावर होते की गॅलरीत, ते तू ठरव गं. आवाज मात्र मी ऐकलाय."

तेव्हापासून आठवणींच्या पुढे मागल्या वर्षीचं काही लिहून ठेवायचं मी सोडलं.

आणि गुरुजी. गणित शिकवत. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सत्कार मंडळाने करायचा ठरवला तेव्हा आधी ते नको म्हणाले. महर्षी कर्व्यांना भारतरत्न मिळालं १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यानंतरही ते चार वर्षं जगले, आणि तुम्ही ऐंशीला शाल घेऊन येता, म्हणाले. शेवटी बसले पाटावर. सुनांनी ओवाळलं. मग आभाराला उठले आणि फळा मागितला. फळा आणेपर्यंत दोन मिनिटं गेली. खडूने लिहिलं, पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवस. हजार पौर्णिमा म्हणजे २९,५३० दिवस. म्हणजे ८० वर्षं आणि सुमारे १० महिने. "इथपर्यंत तुमचं बरोबर. पण दर्शन म्हणालात ना? मुंबईत जून ते सप्टेंबर चंद्र दिसतो कुठे? वर्षाच्या चार पौर्णिमा वजा करा. मला आजवर दिसले असतील पावणेसातशे. सव्वातीनशेची थकबाकी आहे. हजार पुरे व्हायला एकशेविसावं वर्ष उजाडेल. तेव्हा शाल परत घेऊन जा." शाल अर्थातच परत घेतली नाही.

पण हिशेब त्यांनी खरंच चालू ठेवला. पौर्णिमेला गच्चीवर जायचं, चंद्र दिसला तर दिनदर्शिकेवर त्या चौकोनात बरोबरची खूण. मग दर नोव्हेंबरात त्यांचे 'दोन शब्द' म्हणजे ताळेबंद असायचा. "यंदा आठ फिटले. कोजागरीचा स्वच्छ मिळाला." पुढल्या वर्षी, "नऊ. मे महिन्यातला धुळकट होता, अर्धा धरायचा का यावर घरात वाद आहे." अशी सहा संमेलनं झाली. सातव्या वर्षी आषाढात ते गेले.

त्या नोव्हेंबरात काकू येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्यांची ऐंशी व्हायला अजून अवकाश होता, यादीत नावही नव्हतं. सगळ्यांचं बोलून झाल्यावर मागच्या रांगेतून उठल्या. नियमाचं कुणी काढलं नाही. पिशवीतून दिनदर्शिकेची गुंडाळी काढली, चष्मा लावला. "आषाढापर्यंत सात त्यांनी मांडलेले. पुढचे एक मी. एकूण आठ. थकबाकी वारसाकडे येते असं बँकवाले म्हणतात, म्हणून चालू ठेवलंय." गुंडाळी पिशवीत घातली आणि बसल्या. त्यानंतर आभार प्रदर्शन माझ्याकडे होतं, आणि मला आठवतं तसं मी ते फार वाईट केलं.

म्हणून आभार इथे नीट मानते. मागे एकदा जिन्यातला रखवालदार आभारातून राहून गेला, तर दोन महिने तो माझ्याशी बोलत नव्हता. तेव्हा यादी मोठी होईल, होऊ दे. रविवार असून शाळा उघडणारे शिपाईमामा. लिफ्ट नसलेल्या जिन्यावरून आजींना खुर्चीसकट वर आणणारी व्यायामशाळेतली चार पोरं, आणि त्यातलं एक लग्नाच्या गडबडीत होतं तेव्हा त्याच्या जागी आलेला त्याचा मेहुणा. तो रखवालदार. माइकवाला, जो दर वर्षी माइक बुटक्या माणसापासून उंच माणसापर्यंत न सांगता वरखाली करतो. पोस्टमन. रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन शेवटच्या रांगेत बसणारे डॉक्टर, ज्यांना जेवायला नेहमी उशीर होतो. बिनसाखरेच्या चहाच्या कपांना लाल दोरा बांधणाऱ्या दोघी जावा. मानपत्रं सुवाच्य अक्षरात लिहून देणारे चित्रकलेचे सर. तीन रिक्षावाले, त्यातल्या एकाने परतीचं भाडं कधीच घेतलं नाही, त्याचा मीटर मी स्वतः बघितलाय. मसालेभाताची पातेली उतरवणारी मंडळी. सत्काराच्या शाली आदल्या रात्री घड्या मोडून किंमतीच्या चिठ्ठ्या काढून ठेवणारी माझी बहीण. फळा आणायला धावलेला मुलगा, आता इंजिनियर झालाय. अध्यक्ष. होय, तेही, अहवालातलं वाक्य खोडलं तरी.

एवढं लिहून यादी बहिणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, घंटेवाली राहिली की.

खरंच राहिलीच होती. पहिल्या रांगेच्या टोकाला मनगटावरचं घड्याळ बघत बसते ती मुलगी. सातवीत असल्यापासून घंटा तिच्याकडे आहे, आता कॉलेजात जाते. तारमास्तर, आबा, पाहुणे, सगळ्यांना सारखी वाजवते, पाहुण्यांना जरा जोरात. फक्त आजी बोलायला उभ्या राहिल्या की घंटा मांडीवर घेते आणि आतला लोलक दोन बोटांत धरून ठेवते.