लोकरीची लिंबू-मिरची: माझा अनुभव

माझ्या मावसबहिणीने नवी स्कूटर घेतली, तेव्हा तिला स्वतःच्या हातांनी विणलेली एखादी गमतीची वस्तू द्यावी असे मला वाटले. मला क्रोशामधील, म्हणजे आकड्याच्या सुईने विणण्यातील, साखळी, मुका खांब (बुटका टाका) आणि खांब (उंच टाका) एवढेच येत होते. म्हणून मी लिंबू-मिरचीचे तोरण निवडले: एक लिंबू, सात मिरच्या, बिब्ब्याच्या जागी एक काळा मणी आणि लिंबाला आंबट झालेला चेहरा.

मी पिवळी व हिरवी अॅक्रिलिक लोकर, ३ मिलिमीटरची सुई, चेहऱ्यासाठी काळा दोरा आणि खेळण्यांत भरतात तो कृत्रिम कापूस आणला. पहिले लिंबू मात्र साफ बिघडले. माझ्याजवळचा नमुना इंग्रजीत होता आणि त्यात सर्वत्र ‘डबल क्रोशे’ असे लिहिलेले असल्यामुळे मी सगळे खांब विणले. परिणामी वीण इतकी विरळ झाली की आतला पांढरा कापूस बाहेर डोकावू लागला. शेजारच्या काकूंनी तो नमुना पाहिला आणि चूक लगेच ओळखली. ब्रिटिश नमुन्यांतील ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, तर अमेरिकी नमुन्यांत त्यालाच ‘सिंगल क्रोशे’ आणि खांबाला ‘डबल क्रोशे’ म्हणतात. नमुन्यात कुठेही ‘सिंगल’ हा शब्द दिसला, तर तो अमेरिकी समजावा, ही त्यांनी सांगितलेली खूण नवशिक्यांनी पक्की लक्षात ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

दुसरे लिंबू मी मुक्या खांबांनी विणले. दोऱ्याच्या आवळता येणाऱ्या वर्तुळात सहा मुके खांब घेऊन दुसरी फेरी तशीच सहाची ठेवली, त्यामुळे लिंबाचे टोक तयार झाले. पुढच्या तीन फेऱ्यांत टाके अनुक्रमे १२, १८ आणि २४ केले, सहा फेऱ्या न वाढवता विणल्या आणि मग त्याच क्रमाने कमी करत पुन्हा सहावर आले. टाके १२ उरले असताना कापूस भरला आणि शेवटी सहाची एक साधी फेरी घालून दुसरे टोक काढले. फेऱ्या न जोडता गोल गोल विणत जायचे असल्यामुळे प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवली. ती नसती, तर माझी मोजणी तिसऱ्या फेरीतच चुकली असती. दोन टाक्यांचा एक करताना फक्त पुढच्या कड्यांतून सुई घातली, तर तिथे भोक पडत नाही, हेही काकूंनीच दाखवले.

मिरचीची सुरुवात चार टाक्यांची असल्याने बोटांत धरायला अवघड जाते, पण पहिल्या दोन फेऱ्या पार पडल्या की काम सोपे होते. पुढच्या चार फेऱ्यांत दर फेरीला एक टाका वाढवून आठ केले आणि नंतरच्या आठ फेऱ्यांत चार मुके खांब व चार अर्धे खांब असा क्रम ठेवला. अर्धा खांब (मुका खांब आणि खांब यांच्या मधल्या उंचीचा टाका) मुक्या खांबापेक्षा उंच असल्यामुळे ती बाजू लांब होते आणि मिरची आपोआप खऱ्यासारखी वाकते. हे हातात घडताना पाहून मला झालेला आनंद अजून आठवतो. मिरचीत कापूस भरावा लागत नाही. देठासाठी पाच साखळ्या पुरतात. पहिल्या मिरचीला पाऊण तास लागला आणि सातवी वीस मिनिटांत झाली.

सगळी गंमत चेहऱ्यात आहे, म्हणून तिथे घाई करू नये. मी आधी डोळे वरच्या बाजूला आणि जवळजवळ भरले, तेव्हा लिंबू रागीट दिसू लागले. ते उसवून डोळे मध्यरेषेच्या किंचित खाली आणि सहा टाक्यांच्या अंतरावर घेतले, मिटलेल्या पापण्यांसाठी दोन तिरक्या रेघा भरल्या आणि तोंडाची एक छोटी वाकडी रेघ एका बाजूला सरकवली, तेव्हा नुकताच स्वतःचाच रस चाखल्यासारखा चेहरा उमटला. दोरा भरण्याआधी टाचण्या टोचून जागा पाहाव्यात. लोकर उसवताना केसाळ होते आणि पिवळ्या रंगावर ते लगेच दिसते.

शेवटी जाड दोऱ्यात खाली मणी, त्यावर लिंबू आणि वर आडव्या मिरच्या ओवून प्रत्येकीच्या वर एक गाठ मारली, म्हणजे त्या खाली घसरत नाहीत. चालवताना हँडलमध्ये काही अडकू नये म्हणून बहिणीने ते तोरण स्कूटरला न बांधता किल्ल्यांच्या खुंटीवर टांगले आहे, आणि आता तिच्या सासूबाईंनी दारासाठी आणखी एक मागितले आहे.