लेट्रिममधला श्वास

डब्लिनहून स्लायगोच्या गाडीत बसले आणि कॅरिक-ऑन-शॅननला उतरले. तिथून लॉक ॲलन तळ्याच्या कडेकडेने वर गेलं की टार्मन गाव. लेट्रिम हा आयर्लंडमधला सर्वांत विरळ वस्तीचा परगणा. शेतं कमी आणि लव्हाळं जास्त. तळ्यापलीकडच्या डोंगराच्या नावाचा अर्थच ‘लोखंडाचा डोंगर’.

मी आले होते जॉन मॅकेनासाठी. १८८० साली टार्मनजवळच्या टेंट्स नावाच्या वाडीत जन्मलेला हा माणूस १९०९ मध्ये अमेरिकेला गेला, न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात लागला आणि १९२१ ते १९३७ या काळात त्याने बासरीच्या तबकड्या केल्या. त्या बोटीने परत याच डोंगरात आल्या आणि इथली पोरं ग्रामोफोनला कान लावून शिकली. जो सूर गावातून गेला, तो काळ्या तबकडीवर बसून गावात परतला. टेंट्समधल्या त्याच्या स्मारकासमोर उभी राहिले तेव्हा भुरभुर पाऊस होता आणि माझा गळा दाटून आला होता.

मुक्कामाच्या घरच्या बाईंनी शेजारच्या आजोबांकडे नेलं. गाईगुरं सांभाळणारे, ऐंशीच्या पुढचे. स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली, टेबलावर चहा, आणि खिडकीत चार तुकड्यांत सोडवून ठेवलेली लाकडी फ्लूट. प्रत्येक सांध्याला मेण लावलेला दोरा गुंडाळलेला. लाकूड काळंभोर आणि जड, आफ्रिकेतलं, पण आपल्या शिसवीच्याच कुळातलं. त्याला आतून बदामाचं तेल लावायचं. “कोरडी पडली की रुसते,” आजोबा म्हणाले.

ही खेडोपाडी कशी पोचली तेही ऐकण्यासारखं आहे. १८४७ मध्ये बोम नावाच्या जर्मन माणसाने चाव्यांची धातूची नवी बासरी आणली. हळूहळू वाद्यवृंदातल्या मंडळींनी जुन्या लाकडी बासऱ्या बाजूला टाकल्या आणि त्या स्वस्तात शेतकऱ्यांच्या हाती आल्या. शहराने टाकलेलं वाद्य खेड्याने आपलंसं केलं.

मी पुण्यात आठ वर्षं बासरी शिकले. तीही आडवी, तीही सहा भोकांची. सहाही भोकं बंद केली की आमचा मंद्र पंचम लागतो. यांचा तिथे ‘डी’, म्हणजे घरचा स्वर. त्यामुळे बोटं ओळखीच्या वाटेने गेली, पण दम त्या वाटेने गेला नाही. आमच्या गुरुजींचा दंडक होता की श्वास घेतलेला कळता कामा नये. आलापाच्या दोन वाक्यांमध्ये तेवढी उसंत मिळते. इथे मुळात वाजवायचं नाचासाठी. रील ही नाचाची धून घ्या: आठ मात्राखंडांचा एक भाग दोनदा, मग दुसरा दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून. मध्ये थांबलात तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतील. मग श्वास घ्यायचा कुठे? एखादा स्वर सोडून त्याच्या जागी. दर फेरीत वेगळा स्वर सोडायचा, म्हणजे तीच धून दर वेळी वेगळा श्वास घेते. मॅकेनाच्या तबकड्यांत फुंकरीचे धक्के ढोलाच्या ठेक्यासारखे ऐकू येतात.

घराघरांतले नाच १९३५ च्या नृत्यगृह कायद्याने कसे बंद पडत गेले, हे आजोबांच्या तोंडून ऐकताना मला राग आला. परवाना नसेल तर स्वयंपाकघरात नाच नाही! त्यांच्या आईने तरी दारं लावून नाच केलेच.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या अरिग्नाची कोळसाखाण पाहिली. ती १९९० ला बंद झाली. थर इतके पातळ की माणसं कुशीवर आडवी पडून कोळसा खणायची. पॅकी डिग्नन हा नामी फ्लूटवादक याच खाणींच्या भागातला, आणि खाणीत राबलेला. त्या ओलसर, बुटक्या बोगद्यात वाकून चालताना मी माझाच श्वास मोजत होते. दिवसभर असं राबून घरी आल्यावर छातीत फुंकायला हवा उरायची तरी कशी?

संध्याकाळी पुन्हा आजोबांकडे गेले. त्यांनी फ्लूट माझ्या हातात दिली आणि जिग नावाची एक नाचाची धून हळू शिकवली. सहा मात्रांची, दादऱ्याच्या चालीची. दुसऱ्या भागात माझा दम संपला, सूर विरला. पण त्यांच्या बुटाचा ठेका फरशीवर चालूच होता. “तो तिसरा स्वर सोडा,” ते म्हणाले, “तो पाय वाजवेल.”

मी सोडला. पायाने वाजवला.