वीरगळ उजळला त्या दिवशी

कासच्या रस्त्यालगत एका गावात देवळासमोर बेसॉल्टचा वीरगळ आहे. गेली 5 वर्षं दर चैत्रात मी त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक धरते आणि शैवाकांच्या कडा मार्करने गिरवून घेते. शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. मसाल्यातलं दगडफूलही शैवाकच, पण ते पापुद्र्यासारखं सुटून येतं. मी अभ्यासते ते बुएलिया हे शैवाक दगडातच रुतलेलं असतं, छिन्नीनं कपची उडवल्याशिवाय हाती लागत नाही.

यंदा गेले तर वीरगळ चकचकीत. जत्रेआधी पोरांनी तारेचा ब्रश आणि फरशीचं ॲसिड वापरून घासलेला. "मॅडम, दगूड कसा उजाळलाय बघा!" आबा कौतुकानं म्हणाले. मला बोलता येईना. नखाएवढ्या कपचीच्या परवानगीसाठी मी तीन टेबलं फिरले होते. ॲसिडच्या बाटलीसाठी कुणीच कुणाची परवानगी घेतली नव्हती.

मागच्या बाजूला, खोबणीत, तळहाताएवढा तुकडा वाचला होता. राखाडी, भेगाळलेला थर, त्यावर मोहरीहूनही बारीक काळ्या चकत्या, बुएलियाचे बीजाणू धरणाऱ्या. शेजारच्या शैवाकाला भिडतो तिथे काळी रेघ, शेताच्या बांधासारखी. भिंगातून चकतीची कड बघायची: तीही चकतीसारखीच काळी हवी. कड थराच्या रंगाची असेल, तर तिच्यात शैवाल आहे आणि मग ते बहुधा लेकॅनोरासारखं दुसरंच शैवाक. कोवळी चकती सपाट असते, जून झाली की फुगते आणि कड दिसेनाशी होते. तिथेच नवखे फसतात. खात्री होते ती सूक्ष्मदर्शकाखाली. ब्लेडनं चकतीचा पातळ काप घ्यायचा. आतल्या प्रत्येक सूक्ष्म पिशवीत बहुधा 8 बीजाणू, तपकिरी, मधे पडदा असलेले. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की काही जातींत लाल सुयांचे स्फटिक उगवतात. ते उगवताना मी कितीदाही बघू शकते.

पाणी फवारलं तसा राखाडी थर हिरवट झाला. आबा वाकून बघत राहिले. चैत्रातल्या उन्हात तापलेल्या उघड्या दगडावर हा जीव कोरडा पडून राहतो आणि ओल मिळाली की कामाला लागतो, असं मी सांगितलं. वाढतो मात्र वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर, कधी त्याहूनही कमी.

"पर ह्ये दगडाला खातं का राखतं?" आबांनी विचारलं.

खरं तेच सांगितलं. बुरशीचे तंतू दगडात शिरतात, आम्लं सोडतात, कण सैल करतात. पण तो सैल कण हाच थर धरून असतो. ब्रश फिरला की कणासकट कोरीवकाम जातं. मधल्या पट्टीतल्या अप्सरेचं नाक माझ्या जुन्या फोटोत आहे. दगडावर नाही.

आबा बराच वेळ त्या जागेवर अंगठा फिरवत होते. "आधी का न्हाई बोलला? दरसाल येताय की."

5 वर्षं मी "फोटो काढते" एवढंच सांगत आले होते.

"आता घासायचं का न्हाई, त्येवढं सांगा."

"घासू नका," म्हणाले. ते वीरासाठी म्हणाले की माझ्या चकत्यांसाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.